हसरे चेहरे की सरकारी मायना?

पत्राचा सारांश: एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआर विभागात काम करणाऱ्या मैत्रिणीचं हे पत्र आहे. निम्मे कर्मचारी ऑफिसात, निम्मे मशीनवर. कर्मचाऱ्यांची मतं जाणून घेणारा वार्षिक सर्व्हे तयार करणं तिच्याकडे आहे. पहिल्या वर्षी तिनं जुन्या परिपत्रकांची भाषा उचलली: ‘सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, सदर प्रश्नावली विहित मुदतीत भरून द्यावी.’ निम्म्याहून कमी लोकांनी फॉर्म भरला, आणि त्यातल्या बहुतेकांनी वरपासून खालपर्यंत ‘सहमत’वर खुणा केल्या. साहेब म्हणाले, भाषा जरा मोकळी करा. म्हणून दुसऱ्या वर्षी ‘चला, मनातलं बोलूया!’ असं शीर्षक, हसरे-रडके चेहरे आणि अधूनमधून विनोद आले. फॉर्म भरणारे वाढले नाहीत. उलट शेवटच्या चौकटीत कुणीतरी लिहिलं, ‘गेल्या वर्षी सांगितलं त्याचं काय झालं ते आधी सांगा, मग गंमत करू.’ हे तिच्या मनाला फार लागलं. तिसरा सर्व्हे महिन्यावर आलाय. साहेबांना मोकळी भाषा हवी आहे, अकाउंट्समधल्या ज्येष्ठांना औपचारिक. तिचा प्रश्न: नेमका कोणता सूर बरोबर, आणि मधला मार्ग आहे का? शिवाय दोन उपप्रश्न: साहेबांना लोकांचे शेरे जसेच्या तसे वाचायचे असतात, ते द्यावेत का? आणि तिनं स्वतः हा फॉर्म भरावा का?

प्रिय मैत्रीण,

तुम्हाला लागलेलं ते वाक्य मी तीन-चारदा वाचलं. त्या माणसानं तुमच्या हसऱ्या चेहऱ्यांना नावं ठेवलेली नाहीत. ‘मग गंमत करू’ असं म्हटलंय त्यानं, म्हणजे गंमतीला त्याची ना नाही. त्याची तक्रार क्रमाबद्दल आहे. आधी हिशेब द्या, मग हसू. निनावी चौकटीत इतकं नेमकं कुणी लिहिलं, याचा अर्थ त्या माणसाला अजून तुमच्याकडून आशा आहे. ज्यांची आशा संपते ते चौकट रिकामी सोडतात.

तुम्ही सूर हा शब्दांवर चढवायचा कपडा समजता आहात, असं पत्र वाचताना वाटलं. पहिल्या वर्षी सफारी, दुसऱ्या वर्षी रंगीत टी-शर्ट, आता तिसऱ्या वर्षी काय घालू? पण दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून बघा. ‘कळविण्यात येते’ म्हणजे कोण कळवतंय? ‘बोलूया’ म्हणजे कोणी कोणाशी बोलायचं? एकात बोलणारा कर्मणी प्रयोगाच्या आड बसलाय, दुसऱ्यात उद्गारचिन्हाच्या. विचारणारा माणूस दोन्हीकडे गायब. मशीनवर आठ तास उभं राहणाऱ्याला भाषेचा पोत कळायच्या आधी हे कळतं. मधला मार्ग काढायला गेलात, तर परिपत्रकाला हसरा चेहरा चिकटवल्यासारखं होईल, एवढंच.

म्हणून आधी प्रश्नांना हात लावू नका. फॉर्म पाठवायच्या दोन आठवडे आधी एक पानभर मजकूर लिहा: मागच्या दोन सर्व्हेंत लोकांनी काय सांगितलं, त्यातलं काय झालं, काय झालं नाही आणि का नाही. तो साधारण असा वाचला जावा: ‘गेल्या वर्षी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की पाळ्यांचं वेळापत्रक आदल्या दिवशी हातात येतं. आता ते आठवडाभर आधी लागतं. बढतीचे निकष लेखी हवेत, असंही तुम्ही म्हटलं होतं. ते काम झालेलं नाही. मसुदा तयार आहे, पण त्यावर निर्णय व्हायचा आहे. जेवणाची सुट्टी वाढवण्याची मागणी मान्य होणार नाही, कारण पाळीचे तास वाढवावे लागतील.’ उदाहरणं तुमची तुम्ही घाला. खाली नाव, पद आणि कुठे भेटाल ते लिहा. नाव शक्यतो साहेबांचं असू द्या, कारण निर्णय त्यांच्या हातात आहेत. आणि खरोखरच काहीही झालं नसेल, तर ‘दोन वर्षांत तुमच्या सूचनांवर आम्ही काही केलं नाही, ही आमची चूक आहे’ हे वाक्य छापायची त्यांची तयारी आहे का, ते विचारा. नसेल तर यंदाचा सर्व्हे पुढे ढकललेला बरा. हे तुमच्या पदावरून सांगणं सोपं नाही, याची मला कल्पना आहे. पण तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारून तीच शांतता देणं जास्त महागात पडेल.

हे पान जमलं, की फॉर्मचा सूर निम्मा आपोआप सापडतो. या पानाचा जो आवाज, तोच फॉर्मचा.

उरलेला निम्मा मात्र शब्दांत आहे, आणि इथे मी तुमच्या बाजूनं आहे. शब्दानं उत्तर बदलतं. १९४१ साली जनमताचे अभ्यासक डोनाल्ड रग यांनी अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना परवानगी द्यावी का, असं विचारल्यावर ६२ टक्के लोक ‘देऊ नये’ म्हणाले. तोच मुद्दा दुसऱ्या तशाच गटाला ‘अशा भाषणांवर बंदी घालावी का’ असा विचारला, तेव्हा ‘घालावी’ म्हणणारे ४६ टक्केच निघाले. तर्कानं पाहिलं तर परवानगी न देणं आणि बंदी घालणं एकच. पण ‘बंदी’ शब्द जड आहे, तो उचलायला लोक कचरतात.

आता याच नजरेनं तुमचे फॉर्म बघा. ‘आपल्या भन्नाट टीमबद्दल तुला काय वाटतं?’ टीम भन्नाट आहे हे तुम्हीच ठरवून टाकलंत, आता वेगळं बोलणारा रंगाचा बेरंग करणारा ठरणार. औपचारिक फॉर्म या बाबतीत निर्दोष असेल असं वाटतं, पण तोही हेच करतो, फक्त टाय लावून. ‘व्यवस्थापनाने राबविलेल्या कल्याणकारी उपाययोजनांबाबत आपण समाधानी आहात का?’ एकदा ‘कल्याणकारी’ म्हटल्यावर नाही म्हणणारा कृतघ्नच. विशेषणं काढा. प्रश्नातून विशेषण काढलं की सूर बहुतेक वेळा आपोआप जागेवर येतो, हा माझा अनुभव.

आणि ते सगळीकडे ‘सहमत’. सहमत-असहमतच्या पाच पायऱ्यांची पट्टी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांच्या १९३२ च्या कामातून रूढ झाली. तिची एक खोड सर्व्हे करणाऱ्यांना केव्हापासून ठाऊक आहे: समोर विधान ठेवलं की माणसाचा कल ‘हो’कडे झुकतो. घाई असेल, भीती असेल, किंवा विधान नीट कळलंच नसेल, तर जास्तच. त्यात तुमची विधानं परिपत्रकी. हुकमासारख्या वाक्याला माणूस मान डोलावतो. मत मागितलंय हे त्याच्या लक्षातच येत नाही.

तुम्ही पाठवलेल्या फॉर्ममधलं एक विधान घेऊन बघू: ‘माझे वरिष्ठांशी सौहार्दपूर्ण संबंध असून मी माझ्या अडचणी त्यांच्याकडे मांडू शकतो.’

पहिली गोष्ट, यात दोन प्रश्न आहेत. संबंध गोड असून अडचण सांगता येत नाही, अशी माणसं कितीतरी असतात. किंबहुना गोडवा टिकवायचा म्हणूनच ती अडचण सांगत नाहीत. ती कशावर खूण करणार? दुसरी गोष्ट, ‘सौहार्दपूर्ण’. हा शब्द तुम्ही शेवटचा कधी तोंडानं उच्चारलात? तिसरी, ‘मांडू शकतो’. तुमच्याकडच्या बायकांनी हे वाचून काय करायचं? ‘शकतो/शकते’ अशी तिरकी रेघ मारली तर वाक्य शाळेच्या दाखल्यासारखं दिसतं. मराठीत याला सोपी वाट आहे, ‘मला मांडता येतं’ म्हणा. क्रियापदाचं लिंग गेलं, बोलणंही जवळचं झालं. आणि चौथी गोष्ट, हे सगळं हवेत आहे. कधीच्या अडचणी, कसल्या? म्हणून मी ते असं लिहीन: ‘गेल्या तीन महिन्यांत कामात अडचण आली तेव्हा ती वरिष्ठांना सांगता आली का?’ खाली पर्याय: ‘प्रत्येक वेळी’, ‘बहुतेक वेळा’, ‘क्वचित’, ‘कधीच नाही’, ‘अडचणच आली नाही’. यात मान डोलावायला जागा नाही, आठवावं लागतं. शिवाय उत्तर देणारा साहेबांच्या स्वभावावर शेरा मारत नाही, घडलेलं सांगतोय. त्याला ते कमी धोक्याचं वाटतं.

जिथे पाच पायऱ्यांची पट्टी ठेवायचीच असेल, तिथे ‘पूर्णतः असहमत’च्या जागी ‘अजिबात पटत नाही’ लिहा. ‘पूर्णतः असहमत’ असं कुणी भांडणातसुद्धा म्हणत नाही.

‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’? माझं मत ‘तुम्ही’. ‘तू’ हा जवळिकीतून येतो, आणि ती जवळीक फॉर्मला नसते. वयानं मोठ्या कामगाराला एचआरच्या फॉर्मनं ‘तुला काय वाटतं’ विचारणं मला तरी खटकतं. ‘आपण’ दुहेरी शब्द आहे. ‘आपण समाधानी आहात का’ यात तो मान देतो, पण ‘आपल्या विभागात निर्णय कसे होतात’ यात विभाग कोणाचा, भरणाऱ्याचा की सगळ्यांचा? ‘तुमच्या विभागात’ म्हटलं की गोंधळ मिटला. ‘तुम्ही’मध्ये पुरेसा मान आहे.

एकच सूर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ओढायचीही गरज नाही. सुरुवातीच्या चार ओळी मोकळ्या असू द्या. वेळापत्रक, साधनं, पंखे, पार्किंग या प्रश्नांत चेहऱ्यांची चित्रं असली तरी बिघडत नाही, ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांना सोयीचीच पडतील. पण वरिष्ठांची वागणूक, अन्याय, भेदभाव या प्रश्नांपाशी चित्रं बंद, विनोद बंद. तिथे साधं, कोरडं, स्वच्छ विचारा. लैंगिक छळाची तक्रार तर सर्व्हेत मागूच नका. ती कुठे आणि कोणाकडे करायची हे फॉर्ममध्ये ठळक लिहा, कारण त्या तक्रारीवर लगेच पाऊल उचलावं लागतं आणि सर्व्हे महिनाभरानं वाचला जातो.

शेवटचं पान लोक विसरतात. माणूस पाच मिनिटं विचार करून वरिष्ठ कसे सगळ्यांसमोर ओरडतात हे लिहितो, ‘पाठवा’ दाबतो, आणि पडद्यावर येतं, ‘हुर्रे! तुम्ही भारी आहात!’ तुमच्या दुसऱ्या वर्षीच्या फॉर्ममध्ये नेमकं हेच आहे. तिथे एवढंच लिहा: ‘तुमची उत्तरं मिळाली. ती कोण वाचणार आहे हे पहिल्या पानावर दिलं आहे. काय ठरलं ते अमुक तारखेला फलकावर लागेल.’ तारीख खरी घाला आणि पाळा.

मोकळ्या चौकटीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुम्हाला मिळालेलं सगळ्यात मोलाचं उत्तर तिथेच आलं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीनं १९२८ ते १९३० या काळात २०,००० हून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न होते: देखरेख कशी आहे, कामाची परिस्थिती कशी आहे. पण कामगार प्रश्न सोडून भलतंच बोलत, आणि मुलाखत घेणारा त्यांना परत ओढून आणी. पुढे लक्षात आलं की ते ‘भलतं’ हेच त्यांच्या लेखी महत्त्वाचं होतं. मग पद्धत बदलली, विषय कामगारानं निवडायचा आणि समोरच्यानं ऐकायचं. अर्ध्या तासाच्या मुलाखती दीड तासावर गेल्या. तुम्ही प्रत्येकाला दीड तास देऊ शकणार नाही, पण एक चौकट देऊ शकता. तिच्यावर ‘इतर सूचना’ असं लिहू नका, ‘इतर’ म्हणजे उरलंसुरलं. ‘आम्ही विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही, असं काही आहे का?’ असं लिहा. आणि ती सक्तीची नको. मी एका ठिकाणी नोकरीला असताना अशा सक्तीच्या चौकटीत एक टिंब टाकून पुढे जायचे. नंतर कळलं की आमच्या अख्ख्या मजल्यानं टिंबंच टाकली होती. अहवालात ती ‘प्रतिसाद’ म्हणून मोजली गेली.

आता साहेब आणि ते शेरे. जसेच्या तसे देऊ नका. कारण पुन्हा मराठीच. आपली भाषा माणसाला लपू देत नाही. ‘मी दोनदा सांगितलं’ इथपर्यंत ठीक आहे, पण ‘मी दोनदा सांगायला गेले होते’ म्हटलं की लिहिणारी बाई आहे हे उघड झालं. त्या विभागात बाई एकच असेल, तर नाव छापल्यासारखंच. शिवाय प्रत्येकाच्या लकबी असतात, ‘मुळात’ हा शब्द दर वाक्यात घालणारा माणूस साहेबांना ओळखता येतोच. तेव्हा शेऱ्यांचा आशय तुमच्या शब्दांत लिहून द्या, किती जणांनी साधारण तेच म्हटलं ते सांगा, आणि एखादं वाक्य उद्धृत करायचंच असेल तर लिंग आणि प्रसंगाच्या खुणा पुसून करा. पाचपेक्षा लहान गटाचे आकडे वेगळे दाखवू नयेत, ही बऱ्याच ठिकाणची पद्धत तुम्हीही पाळा. विभाग, वय, लिंग आणि नोकरीची वर्षं असं चारही विचाराल, तर नाव विचारायचं तेवढं बाकी राहतं. विभाग पुरे.

हे सगळं पहिल्या पानावर कबूल करा, पण तोलून. प्रत्येकाला वेगळी लिंक जात असेल किंवा कंपनीच्या ईमेलनं लॉगिन करावं लागत असेल, तर फॉर्म निनावी नाही. त्याला गोपनीय म्हणा आणि नावं कोणाला दिसतील ते लिहा. गेल्या वर्षी तुम्ही ‘पूर्णपणे निनावी’ असं लिहिलंत आणि आठवड्यानं काही जणांना आठवण पाठवलीत, ‘तुम्ही अजून फॉर्म भरलेला नाही!’ निनावी फॉर्म कोणी भरला नाही हे तुम्हाला कसं कळलं, असं त्यांच्या मनात आलं असणार. त्या एका ओळीनं तुमचे सगळे हसरे चेहरे पुसले. आठवण पाठवायचीच तर सगळ्यांना एकच पाठवा: ‘भरला असेल तर आभार. नसेल तर शुक्रवारपर्यंत वेळ आहे, आणि भरायचा नसेल तरी चालेल.’

साहेबांशी मात्र फॉर्म जायच्या आधी एकदा बसा. सूर जमला तर यंदा तक्रारी वाढतील. ‘सहमत’च्या रांगा मोडतील आणि आकडे खाली येतील, आणि ते म्हणतील, तुमच्या नव्या भाषेनं लोकांना बिथरवलं. त्यांना आधीच एक गोष्ट सांगून ठेवा. एमी एडमंडसन या संशोधिकेनं नव्वदच्या दशकात रुग्णालयांत एकत्र काम करणाऱ्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले, चांगल्या गटांत जास्त चुका नोंदलेल्या होत्या. त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथे लोक चुका बोलून दाखवायला घाबरत नव्हते, म्हणून त्या कागदावर आल्या. तुमच्याकडेही पहिल्या दोन वर्षांतलं समाधान कितपत खरं होतं, ते आता कळेल.

अकाउंट्समधल्या ज्येष्ठांना अगदीच मोडीत काढू नका. त्यांना बहुधा हसण्यावारी नेलं जाण्याची भीती आहे. फॉर्मचा कच्चा मसुदा त्यांना दाखवा, आणि मशीनवरच्या एखाद्या जुन्या माणसालाही. वाचायला देऊ नका, तुम्ही मोठ्यानं वाचा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. जिथे ते ‘म्हणजे?’ विचारतील ते वाक्य बदला. जिथे दोघंही नजर चुकवतील तो प्रश्न ठेवा. वेळही तेव्हाच मोजा. ‘पाच मिनिटं’ लिहून वीस मिनिटं घेणारा फॉर्म कितीही गोड बोलला तरी खोटारडा ठरतो. मशीनवरच्यांना तो कामाच्या वेळेत भरायला द्या, आणि कागदी असेल तर सुपरवायझरच्या हातात न देता बंद पेटीत टाकू द्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्हीही कर्मचारीच आहात, फॉर्म जरूर भरा. फक्त तुमच्या विभागात तुम्ही दोघीच आहात असं पत्रात लिहिलंय. तेव्हा विभागांच्या यादीत एचआर वेगळा ठेवू नका, अकाउंट्स आणि एचआर मिळून एक गट करा. आणि शेरा लिहिताना ‘मी गेले होते’ टाळा.